मॉडेलसमोर आणि मॉडेलविना

मानवाकृतीच्या रेखाटनाचा सराव दोन तऱ्हांनी होतो: समोर बसलेल्या माणसावरून, किंवा माणूस समोर नसताना स्मरणातून, शरीररचनेच्या अभ्यासातून आणि छायाचित्रांवरून. कलाशाळांत पहिल्या सरावाला मान मिळतो. दुसऱ्याकडे बहुधा नाइलाजाची सोय म्हणून पाहिले जाते. ही प्रतवारी अर्धीच खरी आहे.

युरोपातील अकादमींमध्ये विद्यार्थी आधी चित्रांच्या नकला करी, मग प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून काढी आणि त्यानंतरच त्याला जिवंत मॉडेलसमोर बसायला मिळे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही पुतळ्यांवरचे शिक्षण दीर्घकाळ चालले. तिथे नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९-२० च्या सुमारास आला. लंडनच्या रॉयल अकॅडमीने विद्यार्थिनींना असा वर्ग १८९३ मध्ये खुला केला, तोही मॉडेल अंशतः झाकलेले असावे या अटीवर. पुष्कळ चित्रकार मॉडेलविना शिकले ते असे, दार बंद होते म्हणून.

मॉडेल समोर असले की पहिला धडा मिळतो तो तोलाचा. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचा नितंब वर जातो, त्याच बाजूचा खांदा खाली येतो आणि गळ्याची खळगी साधारणपणे भार पेललेल्या घोट्याच्या वर येते. हे पुस्तकात वाचता येते. पण दर शरीरात ते किती अंशांनी घडते, हे डोळ्यांनीच मोजावे लागते. शिवाय मॉडेल दमते. वीस मिनिटांच्या पोजमध्ये मान हळूहळू कलते, पोट सैलावते, आणि विद्यार्थ्याला पहिली रेषा धरायची की बदललेली, हे ठरवावे लागते. अर्ध्या-एक मिनिटाच्या झटपट पोजमध्ये तर बाह्यरेषेला वेळच नसतो. शरीराचा एकंदर ओघ तेवढा पकडता येतो. छायाचित्र इथे दुबळे पडते. कॅमेरा एकाच डोळ्याने पाहतो, जवळून घेतलेल्या फोटोत पुढे आलेला हात फुगतो आणि सावलीतले बारकावे काळ्यात बुडतात. फोटोवरून काढणाऱ्याला हे दोष ओळखता यायला हवेत, आणि ती ओळख बहुधा मॉडेलसमोरच होते.

मात्र समोरचे जसेच्या तसे उतरवणाऱ्याला धावणारा माणूस काढता येईलच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमधील शिक्षक लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी स्मरणाच्या शिक्षणाची पद्धतच बसवली: विद्यार्थी हिंडत्याफिरत्या मॉडेलकडे नुसते पाहत आणि नंतर आठवणीतून काढत. शिल्पकार ओग्यूस्त रोदँ त्यांचा विद्यार्थी. व्हॅन गॉगने चित्रकलेच्या सुरुवातीस शार्ल बार्गच्या छापील रेखाटन-पाठांवरून कसून सराव केला. भारतीय परंपरेत मूर्तिकार तालमानावर विसंबतो. त्यात चेहऱ्याची लांबी हे माप धरून सगळी आकृती बांधली जाते. इथे समोर मॉडेल नसते, तरी हाताशी पिढ्यांनी जमवलेली प्रमाणांची शिदोरी असते.

मॉडेलविना काढणे म्हणजे साठ्यातून काढणे, आणि साठा भरला नसेल तर हात ठरावीक ठोकळ्यांकडे वळतो. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमीजिएट ग्रेड परीक्षांतील स्मरणचित्रात हे उघड दिसते. बाजार असो, सर्कस असो की क्रीडांगण, पाठ केलेली तीच मुले, गुडघ्यात तोच कोन. दोष स्मरणचित्राचा नाही. खरा गुडघा पाहण्याआधीच ते काढायला लावले जाते. एसटी स्थानकावर ताटकळणारी, लोकलमध्ये पेंगणारी माणसे वहीत टिपण्याला म्हणूनच मोठे मोल आहे: मॉडेल फुकट, आणि ते कधीही उठून जाईल म्हणून निम्मे चित्र आठवणीतूनच पुरे करावे लागते.

घरी एकट्याने काम करणाऱ्याला आरसा आणि स्वतःचा डावा हात पुरतो. मॉडेल मिळणाऱ्याने पोज संपल्यावर तीच आकृती कोऱ्या कागदावर पुन्हा काढावी, आणि पुढच्या पोजेत दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासावेत. स्मरणातील आकृतीत जो सांधा चुकलेला दिसेल, तो पाहताना नीट पाहिलेला नसतो. पुढच्या वेळी नजर आधी तिथे न्यावी.