न दिसणारी भिकारीण

भाची पुण्यात सिनेमा शिकते. सुट्टीला मानवतला आजोळी आली, ती एक अर्धवट निबंध घेऊन. मामांचं आयुष्य इथल्या मोंढ्यात, कापसाच्या व्यवहारात गेलं. रात्री जेवणं झाल्यावर दोघं ओसरीवर बसली होती.

मामा : अडलंय कुठं?

भाची : सिनेमाच कळत नाहीये. ‘इंडिया साँग’, १९७५ चा. मार्गरित द्युरास या फ्रेंच लेखिकेनं केलेला.

मामा : गोष्ट तर असेल काही?

भाची : १९३७ चं कलकत्ता. फ्रेंच राजदूताची बायको, तिच्याभोवती घोटाळणारे पुरुष. लाहोरहून आलेला एक उपवाणिज्यदूत तिच्यासाठी रात्रभर टाहो फोडतो. पण पडद्यावर कुणी बोलतच नाही, मामा. माणसं उभी राहतात, संथ नाचतात, ओठ मात्र मिटलेले. आवाज सगळे बाहेरून येतात. पुढच्या वर्षी द्युरासबाईंनी हाच ध्वनिपट ओसाड वाड्याच्या चित्रांवर चढवून दुसरा सिनेमा केला!

मामा : मग पुस्तकं वाच नि लिही. त्यात काय एवढं?

भाची : वाचली. आवाज आणि चित्राची फारकत म्हणजे स्मृतीचं रूप, असं लिहिता येईल. गुणही पडतील. पण बघताना मला तसं काही जाणवलं नव्हतं. न जाणवलेलं जाणवलं म्हणून लिहू? की ‘कळला नाही’ लिहून मोकळी होऊ? दुसरं खरं आहे, पण त्यात आळस वाटतो.

मामा : आळस कसला? नाही कळलं तर नाही कळलं.

भाची : कुठं कळेनासं झालं, ते शोधलं नाही तर आळसच.

मामा : मग कुठं झालं?

भाची : (बराच वेळ गप्प राहून) त्यात एक भिकारीण आहे. सावन्नखेतची, लाओसमधली. चालत चालत कलकत्त्यापर्यंत आलेली. ती गाते, ओरडते, हसते, पण एकदाही दिसत नाही. कलकत्ताही दिसत नाही. चित्रीकरण सगळं फ्रान्समध्ये झालंय. सगळे त्या सुंदर बाईकडे बघत असतात आणि मी भिकारणीला शोधत बसते. त्या गोऱ्या लोकांना कलकत्ता दिसतच नव्हतं, असं द्युरासबाईंना म्हणायचंय का? की बाईंनाही ते दाखवावंसं वाटलं नाही? दोन्ही खरं असेल, आणि तिथंच माझा पाय अडकतो.

मामा : ‘आक्रित’ सिनेमा ठाऊक आहे ना तुला?

भाची : अमोल पालेकरांचा. तेंडुलकरांनी लिहिलेला.

मामा : १९८१ चा. आपल्या गावात १९७२ ते ७४ मध्ये जे खून झाले, त्यांच्यावरून सुचलेला. परक्या गावात मानवतचं नाव सांगितलं की लोक अजून तेच विचारतात.

भाची : त्याला फ्रान्समध्येच, नांतच्या महोत्सवात परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं.

मामा : त्यांना काय कळलं असेल?

भाची : सिनेमा कळला असेल. मानवत कळायचं कारण नाही.

मामा : माझं उलटं झालं. सबंध वेळ मनात ‘हे असं नव्हतं, ते तसं नव्हतं’ चालू. गाव माहीत होतं म्हणून सिनेमा बघताच आला नाही. मग खरा कुणी बघितला, त्यांनी का मी?

भाची : दोघांनीही अर्धा.

मामा : असं म्हणून सुटू नको. त्यांचा अर्धा बक्षीस देऊन गेला. माझा अर्धा कुणी विचारलाच नाही.

(हे बोलताना मामांचा स्वर चढला होता. हे लिहिताना मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. सिनेमा ‘समजला’ हे ठरवण्याचा मान दूर बसलेल्या जाणकारांना चटकन मिळतो. ज्यांच्या अंगणात तो घडला, त्यांचं बघणं भावनेच्या भरातलं म्हणून बाजूला पडतं.)

भाची : म्हणजे मी कलकत्त्याच्या बाजूनं बघितला, हा दोष नाही?

मामा : तेवढंच बघशील तर दोष. मी केला तसा.

भाची : मग भिकारणीपासूनच सुरू करते. पडद्यावर ती जिथं जिथं असायला हवी होती, त्या सगळ्या जागा लिहून काढते. मग तिथं बाईंनी काय दाखवलं ते : आरसा, हिरवळ, नाच. राजदूताची बायको शेवटी.

मामा : आणि सरांनी विचारलं, अर्थ काय?

भाची : तर म्हणेन, भिकारणीचा नुसता आवाजच का ठेवला, हे अजून शोधतेय. पुस्तकात उत्तर सापडलं तर तेही लिहीन, पण पुस्तकाच्या नावानं.

मामा : मला बघायचाय हा सिनेमा.

भाची : दोन तास आहे, मामा. फार संथ आहे.

मामा : असू दे. उद्या लाव.