बत्तीस सेकंद

घरात एखादी जुनी फ्लॉपी असेल तर ती हातात घ्या. नसेल तर आठवा: साडेतीन इंची, काळी नाहीतर निळी, एका कडेला सरकणारी धातूची पट्टी. पट्टी अंगठ्याने हळूच सरकवली की आतली तपकिरी चकती दिसते. तिला बोट लावू नका, नुसतं बघा. ड्राइव्हमध्ये ही चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच. एका फेऱ्यात एक ट्रॅक वाचून होतो.

आता सावकाश गुणत चला. दोन बाजू, दर बाजूला ८० ट्रॅक, एकूण १६०. दर ट्रॅकवर १८ सेक्टर, दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट. उत्तर येतं १४,७४,५६० बाइट. लेबलवर मात्र १.४४ एमबी लिहिलेलं असतं. हजाराने दोनदा भागा, १.४७ येतात. १०२४ने दोनदा भागा, १.४१ येतात. एकदा १०२४ने आणि एकदा हजाराने भागलं, तरच १.४४. लेबलावरच्या त्या एका आकड्यात दोन मापं मिसळली आहेत.

मेमरीची माणसं १०२४ने मोजत आली, कारण मेमरीचे पत्ते दोनाच्या घातांत वाढतात. टेलिफोनची माणसं हजाराने मोजत आली. बोलणाऱ्याच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, दर नमुना ८ बिटांचा, म्हणून एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट. अशा ३२ वाहिन्या एकत्र बांधल्या की एक्स्चेंजांना जोडणारी ई-वन लाइन होते, २.०४८ मेगाबिटची. इथे जरा थांबा. २०४८ हा आकडा मेमरीच्या घरातला वाटतो, पण तो तिथला नाही. हे सरळ २०,४८,००० बिट आहेत. शिवाय टेलिफोनवाले बिट मोजतात आणि डिस्कवाले बाइट. म्हणून बाइटचे बिट करून घेताना आधी आठाने गुणायचं आणि मग हजार की १०२४ ते बघायचं. एवढी शिस्त पाळली की आकडे खरं बोलतात.

आपल्या फ्लॉपीचे बिट होतात १,१७,९६,४८०. ही संख्या मनात धरून ठेवा.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुलुंड-बोरिवलीच्या घरातल्या टेलिफोनवरून डायल करायचं, आणि वेग मिळायचा सेकंदाला ९,६०० बिट. भागून बघा. एका फ्लॉपीएवढा मजकूर जायला २० मिनिटं आणि २९ सेकंद, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर. तीच फ्लॉपी ड्राइव्ह किती वेळात वाचेल? १६० ट्रॅक, दर ट्रॅकला पाचवा हिस्सा सेकंद: ३२ सेकंद. हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकायला थोडा वेळ जातो, तो वेगळा. म्हणजे तेव्हा डिस्क तारेसाठी खोळंबायची. डीटीपीवाल्याने दिवाळी अंकाचा मजकूर फ्लॉपीत घालून माणसाबरोबर छापखान्यात धाडणं हाच शहाणपणा होता.

२००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग ठरवला २५६ किलोबिट. भागाकार करा: ४६ सेकंद. जुलै २०१३मध्ये किमान वेग ५१२ किलोबिट झाला. पुन्हा भागा: २३ सेकंद. ३२ हा आकडा या दोहोंच्या मधे पडतो. कागदावरच्या त्या दोन व्याख्यांच्या दरम्यान तारेने डिस्कला मागे टाकलं, आणि कुणाला ते जाणवलंही नाही. तोवर फ्लॉपी कपाटात गेली होती.

मला हे विलक्षण वाटतं, कारण मुंबई या गोष्टीच्या दोन्ही टोकांना आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत टंडन कंपनीचे फ्लॉपी ड्राइव्ह होते, आणि ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-क्षेत्रात टंडन यांच्याच उद्योगात डिस्क-ड्राइव्हचे भाग तयार होत. तिथून काही किलोमीटरवर वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात. देशाबाहेरची बरीच डेटा-वाहतूक त्यांतून चालते. चकतीचा वेग आणि तारेचा वेग, दोन्ही इथल्याच मातीत.

दोन वेग भिडतात तेव्हा मधे काय लागतं, ते घाटकोपरला संध्याकाळी दिसतं. वर्सोव्याहून मेट्रो येते, दर काही मिनिटांनी शेकडो माणसं उतरवते. खाली मध्य रेल्वेची लोकल आपल्या वेळेने येते. पूल आणि फलाट ही माणसं धरून ठेवतात, म्हणून दोन्ही गाड्या चालतात. संगणकात हे काम बफर करतो. तो लाइनचा वेग वाढवत नाही, डिस्कचाही नाही. आधी आलेलं सांभाळतो आणि पुढच्याला झेपेल तसं देतो.

आज १०० मेगाबिटच्या लाइनवर तीच फ्लॉपी सेकंदाच्या आठव्या हिश्शाच्या आत जाते. पण ती ड्राइव्हमधून बाहेर यायला आजही ३२ सेकंदच लागतात. घरी जुन्या फ्लॉप्या असतील, वडिलांची पत्रं, सोसायटीचे हिशेब, श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेली एखादी कथा, तर त्या उतरवायला बसा, आणि बसताना एवढं ध्यानात ठेवा. आधी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. मग यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घाला आणि आवाज ऐका. हेड पुढे सरकतं तसा बारीक टकटक आवाज येतो, एका लयीत. लय अडखळली तर समजा, एखादा सेक्टर नीट वाचला जात नाहीये. ड्राइव्ह पुन्हा त्याच जागी येतो, पुन्हा वाचून बघतो. पडद्यावरचा आकडा हलत नाही. अशा वेळी हात आवरा, रद्द करू नका. चौथ्या-पाचव्या फेऱ्यालाही तो सेक्टर कधी कधी हाती लागतो. नाहीच लागला तर हेड साफ करून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. दोन ड्राइव्हची हेडं केसभर वेगळ्या जागी बसलेली असतात, आणि एकाला न दिसलेला ट्रॅक दुसऱ्याला दिसू शकतो.