अहरोनाचें उत्तर आणि आईबापांची कबुली

शास्त्रपाठ : निर्गम ३२:१–२४, अनुवाद ६:६–७

मोशे पर्वतावर गेला तो चाळीस दिवस खालीं आला नाहीं. लोक उतावीळ झाले. त्यांना डोळ्यांपुढें कांहींतरी हवें होतें. दिसणारें, चकाकणारें, आपल्या पुढें चालणारें. अहरोनानें त्यांच्याशीं वाद घातला नाहीं, त्यांची समजूत काढीत बसला नाहीं. त्यानें बायकामुलांच्या कानांतलें सोनें मागविलें आणि वासरूं करून दिलें. कुरकुर थांबली, किंबहुना कुरकुरीचें नाचगाणें झालें. हा प्रसंग आपण सर्वांनीं रविवारच्या शाळेंत ऐकलेला आहे, व मूर्तिपूजेवरील उपदेशासाठीं तो वाचण्याची आपली वहिवाट आहे. तथापि त्यांत एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे आज वाचकांचें लक्ष वेधावें असें आमच्या मनांत आहे. मोशेनें जाब विचारला तेव्हां अहरोन काय म्हणाला? लोक कसे वाईट वृत्तीचे आहेत हें त्यानें आधीं सांगितलें. मग आपण सोनें अग्नींत टाकिलें व त्यांतून हें वासरूं बाहेर आलें, असें सांगितलें. चौथ्या वचनांत शास्त्र स्पष्ट सांगतें कीं त्यानें तें हत्यारानें घडविलें होतें. चोविसाव्या वचनांत मात्र वासरूं आपोआप निघालें!

आतां आपल्या घरांकडे वळूं. मंडळींत भेटीस गेलों असतां अलीकडे आईबापांची एक तक्रार वारंवार कानीं येते : "पाळकसाहेब, पोराला मोबाईलची फार सवय लागली आहे हो." लागली! आपल्या मराठी भाषेंत ही एक मोठी सोय आहे. सवय लागते, खोड जडते, नाद लागतो. कोणी लाविला हें सांगण्याची गरज पडत नाहीं. दीड वर्षाच्या लेंकराचा हात फळीपर्यंत पोहोंचत नाहीं. फोन खालीं आला तो कोणाच्या तरी हातानें आला.

म्हणून गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळीच्या भगिनींच्या सभेंत जें घडलें तें आम्हांस विशेष वाटलें. याकोबाच्या पत्राचा पांचवा अध्याय चालला होता. आपलीं पातकें एकमेकांजवळ कबूल करावीं व एकमेकांसाठीं प्रार्थना करावी, असा तेथें उपदेश आहे. अशा वेळीं सभेंत बहुधा शांतता पसरते, आणि मग कोणीतरी "आपण सगळेच पापी आहोंत" असें म्हणून सर्वांची सुटका करितें. त्या दिवशीं एक तरुण आई उठून म्हणाली, "मी सांगूं का? फोन दाखविल्यावांचून मी बाळाला एक घांसही भरवीत नाहीं. सासूबाई कामाला गेल्या कीं घरीं मी एकटी. तो तोंड उघडतो तें जेवणासाठीं नाहीं, चित्र पाहतां पाहतां उघडतो. काय खाल्लें हें त्याला कळत सुद्धां नाहीं."

मग बांध फुटल्यासारखें झालें. भांडीं घासण्यापुरता म्हणून दिलेला फोन दिवेलागणीपर्यंत पोराच्या हातांत राहतो, असें दुसरीनें सांगितलें. तिसरी लेकीला "बॅटरी संपली" म्हणून खोटेंच सांगते. आणि आतां हात धुण्यास सांगितलें कीं लेकच तिला "पाणी संपलें" असें उत्तर देऊं लागली आहे. कोणी रडें थांबविण्यास पांच रुपयांचा चिप्सचा पुडा देते. कोणी पोलिसाची, कोणी सुई टोचणाऱ्या डॉक्टराची भीति घालते. कोणी "दुकानांत जाऊन येतें" असें सांगून मागील दारानें शेतावर निघून जाते. एका भगिनीनें तर हळूच कबूल केलें कीं थंडीच्या दिवसांत ती पोराला दोन-दोन दिवस आंघोळ घालीत नाहीं, ओल्या फडक्यानें पुसून घेते. त्यावर मोठा हंशा झाला.

तो हंशा वाईट नव्हता. आपल्याच घरांत असें चालतें, असें वाटून जी मनांत कुढत असते तिला तो औषधासारखा आहे. परंतु हंशा म्हणजे क्षमा नव्हे. "सगळ्याच असें करितात" असें म्हणून सभेंतून मोकळें होणें हें अहरोनाच्या उत्तराचेंच दुसरें रूप आहे. त्यानें लोकांकडे बोट दाखविलें. आपण लोकांच्या गर्दींत शिरून दिसेनासे होतों.

एक आई हसली नाहीं. तिचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. फोनमधील गाण्याची चाल तो अचूक गुणगुणतो, पण आईला हांक मारीत नाहीं, व नांवानें बोलाविलें तरी वळून पाहत नाहीं. "हें माझ्यामुळेंच झालें का?" असें तिनें विचारलें. सभेंत कोणी उत्तर दिलें नाहीं, हें फार बरें झालें. अशा प्रश्नाचा निकाल पाळकानें देऊं नये, व शेजारणीनें तर मुळींच देऊं नये. मूल हांकेला ओ देत नाहीं ह्याचीं कारणें पुष्कळ असूं शकतात. त्याचे कान नीट ऐकतात कीं नाहीं हें प्रथम तपासून घ्यावें लागतें, आणि तें जितकें लवकर होईल तितकें चांगलें. त्या आईला निकाल नको होता, सोबत हवी होती. दोन वडील भगिनी तिच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यांत गेल्या. तपासणी अजून चालली आहे. वाचकांनीं त्या लेंकरासाठीं प्रार्थना करावी.

आतां, त्या सभेंत जें जें कबूल झालें तें सर्व पाप होतें काय? आमचें मत स्पष्ट आहे : नव्हतें. थंडींत आंघोळ चुकली हें पाप नव्हे. सकाळचा भात रात्रीं फोडणी देऊन वाढला, पोर धुळीच्या पायांनींच झोंपीं गेलें, हीं पापें नव्हत. शास्त्री व परूशी लोकांच्या खांद्यांवर जड ओझीं लादितात व स्वतः बोटही लावीत नाहींत, असा ठपका प्रभूनें ठेविला आहे (मत्तय २३:४). जी बाई पहाटे उठून पाणी भरते, दिवसभर परक्याच्या रानांत खुरपते व सायंकाळीं चुलीपुढें बसते, तिच्या विवेकबुद्धीवर आंघोळीचें पाप चढविणारे आपण कोण?

खोटें बोलणें व भीति घालणें ह्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. लेंकराला जगाची पहिली ओळख आईबापांच्या शब्दांतून होते. पुढें देवबाप आपलें वचन पाळितो असें त्याला शिकवावयाचें आहे. तें शिक्षण "बॅटरी संपली" येथून कसें सुरू होईल? ज्या डॉक्टराची भीति घातली, त्याच्याच पुढें तापाच्या रात्रीं त्याला धरून बसवावें लागतें. आणि मागल्या दारानें जाणाऱ्या भगिनीस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं तिनें "येतें" म्हणून पुढल्या दारानें जावें. लेंकरूं रडेल. पण सायंकाळीं आई खरोखरच आली हें तें पाहील, आणि चार-आठ दिवसांनीं त्याचें रडणें थोडें कमी होईल. मागल्या दारानें गेलेली आई केव्हां नाहींशी होईल ह्याचा त्याला नेम राहत नाहीं, म्हणून तें दिवसभर तिचा पदर सोडीत नाहीं.

फोनाविषयीं जाणत्यांचें म्हणणें काय आहे तें सांगतों. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असें सुचविलें कीं एक वर्षाच्या आंतील मुलांस पडद्यापुढें बसवूंच नये, व दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसांतून एका तासाहून अधिक बसवूं नये. आपल्या देशांतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनें, २०२१ सालीं जवळजवळ हेंच सांगितलें : दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पुढें पांच वर्षांपर्यंत फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखालीं. लहानग्यांस एक सवलत मात्र ठेविली आहे. दूरच्या नातलगांशीं अधूनमधून व्हिडिओ कॉलवर बोलण्यास हरकत नाहीं. ह्या सवलतीचा विचार आम्हीं पुष्कळ केला. कांच तीच, उजेड तोच. मग फरक कोठें आहे? आम्हांस वाटतें तो असा : आजी पलीकडून उत्तर देते. लेंकरानें "बू" म्हटलें कीं तीही "बू" म्हणते, तें हसलें कीं ती हसते. चित्रांतला ससा कितीही उड्या मारो, लेंकराचें बोलणें त्याला ऐकूं येत नाहीं. शब्द येतो तो ह्या देवघेवींतून येतो.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत मोशेनें आईबापांस देवाच्या आज्ञा मुलांस शिकविण्यास सांगितलें, तेव्हां त्यासाठीं वेगळा तास मागितला नाहीं. घरीं बसलें असतां, वाटेनें चाललें असतां, निजतांना व उठतांना, असे चारच प्रसंग त्यानें सांगितले. आणि ते श्रीमंताच्या व गरिबाच्या घरीं सारखेच असतात. आज ते चारही प्रसंग फोनानें घेतले आहेत. घरीं बसलें कीं फोन, एस. टी.त चढलें कीं फोन, निजतांना उशाशीं फोन, डोळे उघडतांच फोन. आणि हें लेंकरांचेंच नाहीं. बापाच्या हातांतून जो क्रिकेटचा सामना रात्रीं दहापर्यंत सुटत नाहीं, तोच बाप सकाळीं बायकोस "तूं पोराला बिघडविलेंस" असें म्हणतो. भगिनींच्या सभेंत कबुली झाली. पुरुषांच्या सभेंत ती अद्याप व्हावयाची आहे, हें येथें नमूद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

रडतें मूल गप्प करण्याची ही युक्ति नवी आहे असें कोणी समजूं नये. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया एके काळीं तान्ह्या मुलांस अफूची बाळागोळी देत, म्हणजे पाळी संपेपर्यंत मूल गुंगींत पडून राही. १९२९ सालीं नेमलेल्या मजूरविषयक शाही कमिशनाच्या १९३१ च्या अहवालांत ह्या चालीचा विचार झाला आहे. त्या आया निर्दय होत्या काय? मुळींच नाहीं. दहा तास यंत्रापाशीं उभें राहावयाचें, आणि मूल ठेवावयास कोणाची मांडी नाहीं, अशी त्यांची दशा होती. म्हणूनच त्या कमिशनानें आयांस नुसता दोष दिला नाहीं. पुष्कळ स्त्रिया जेथें काम करितात तेथें पाळणाघरें असावींत अशी शिफारस केली. पुढें १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें, पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांस सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली ठेवण्याचें बंधन घातलें. फोन व अफू एकच आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. आईच्या हातून दोन्ही ज्या कारणानें दिलीं जातात तें कारण एकच आहे. शेतांत राबणाऱ्या आईला कारखान्याचा कायदा लागू नव्हता. गांवांत अंगणवाडी आहे, पण तेथें बसावयाचें वय तिसऱ्या वर्षानंतर येतें. त्याआधींच्या लेंकराला कोण धरील?

आणि येथें आम्हांस मंडळीकडे वळणें भाग आहे. रविवारच्या उपासनेंत मागल्या बांकांवर काय चालतें हें व्यासपीठावरून स्पष्ट दिसतें. लेंकरूं कुरकुरूं लागतें. पुढच्या बांकावरील वडील माणसें मागें वळून पाहतात. बोलत कोणी नाहीं, नुसतें पाहतात. आई ओशाळते, पिशवींतून फोन काढते, आवाज बंद करून पोराच्या हातांत देते. मग सर्वत्र शांतता होते व उपदेश सुरळीत चालतो. लोकांनीं प्रभूकडे बाळकें आणिलीं तेव्हां शिष्यांनीं त्यांना दटाविलें, आणि प्रभु त्या शिष्यांवर रागावला (मार्क १०:१३–१६). त्यानें बाळकांस जवळ घेतलें. देवाच्या घरांत लेंकरूं गप्प राहावें म्हणून तें वासरूं आपणच घडवून देतों, आणि बुधवारीं घरभेटीच्या वेळीं त्याच आईला फोनाचे तोटे सांगतों!

आमच्या मंडळीच्या पंचांपुढें हा विषय गेल्या महिन्यांत आला, व बराच वाद होऊन ठरलें तें असें. व्यासपीठाच्या डाव्या हातास एक सतरंजी अंथरावी. तीन वर्षांखालील मुलांनीं तीवर बसावें, लोळावें, रांगावें. त्यांच्याजवळ दर रविवारीं दोन आजींनीं पाळीनें बसावें. उपासना संपेपर्यंत फोन कोणीच बाहेर काढूं नयेत, त्यांत वडील मंडळीही आली. खुरपणीच्या दिवसांत पाळकाच्या घराची ओसरी दुपारीं उघडी राहील. सहा आजींनीं व एका आजोबांनीं नांवें दिलीं आहेत, आणखी दोघांची गरज आहे. खेळण्यांसाठीं सुतारकाम करणाऱ्या एका बंधूनें लाकडी ठोकळे रंधून आणून दिले आहेत. रडणाऱ्या लेंकराला घेऊन आईनें बाहेर जाण्याचें कारण नाहीं; उपदेश तेवढा वेळ थांबेल.