तीन टाक्यांचं घर

फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला असं मंडळातल्या कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "पाचवं चाक कुठे असतं हो?" तर मंडळी, पाचवं चाक कुठेच नसतं. जुन्या घोडागाड्यांना पुढच्या आसावर एक कडं आडवं बसवलेलं असायचं, चाकासारखं दिसणारं. त्याच्या आधारावर पुढची चाकं वळायची. नाव तिथून आलं. आता त्या कड्याच्या जागी एक जाड पोलादी खुंट असतो. ट्रेलरचा पुढचा भाग वर उचललेला असतो, त्याच्या खालचा हा खुंट पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर बसवलेल्या हिचमध्ये अडकतो. ओझं ट्रकच्या शेपटीवर न येता पाठीवर येतं, म्हणून वाऱ्यात ट्रेलर फारसा डोलत नाही. बैलाच्या मानेवर जू असतं, शेपटीला नसतं, एवढं सांगितलं की आपल्या माणसांना पटतं.

दुसरा प्रश्न, "कशाला घेतलात?" त्याचं उत्तर सोपं आहे. इतकी वर्षं आम्ही तंबूत राहिलो. पण आई लातूरहून सहा महिन्यांसाठी आली की तिला घरी ठेवून जावं लागे. पंचाहत्तरीतल्या गुडघ्यांना तंबूत वाकून शिरणं आणि रात्री बॅटरी घेऊन संडास शोधत जाणं झेपत नाही. साधेपणा फार चांगला, पण आमच्या साधेपणाची किंमत आई एकटी घरी बसून मोजत होती. तेव्हा त्यावर वाद नको.

तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि पहिल्या सहलीपासून माझ्या डोक्यात तोच घोळतो आहे. जे आपल्याला दिसत नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर येते का?

हा प्रश्न ट्रेलरमधून कसा निघाला ते सांगतो. या फिरत्या घराच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात, आणि एक संडासाची, ती ब्लॅक टँक. दाराशी भिंतीवर एक छोटी पट्टी असते. बटण दाबलं की कुठली टाकी किती भरली ते दिव्यांनी कळतं. (संडासाच्या टाकीचा दिवा बहुतेक ट्रेलरांत काही दिवसांनी खोटं बोलू लागतो म्हणतात. आमचा अजून नवा आहे, म्हणून प्रामाणिक आहे.) आमची स्वच्छ पाण्याची टाकी ५० गॅलनची, म्हणजे साधारण १९० लिटर.

गेल्या मे महिन्यात पहिली सहल केली ती ग्रँड कॅनियनची. फिनिक्सहून दक्षिण काठ सुमारे २३० मैल. फिनिक्स अकराशे फुटांवर, काठ सात हजार फुटांवर, त्यामुळे ट्रकचा जीव निघतो. तिथल्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये झाडं आहेत, शांतता आहे, संध्याकाळी एल्क हरणं पार ट्रेलरच्या पायरीपाशी येतात, पण ट्रेलरला जोडायला नळ नाही, वीज नाही. चार माणसं, तीन रात्री, ५० गॅलन. हिशेब करा. माणशी दिवसाला चार गॅलनच्या आसपास.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा आकडा असा आहे की इथलं सरासरी कुटुंब घरात रोज ३०० गॅलनहून जास्त पाणी वापरतं. नव्या धर्तीच्या शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलनपर्यंत पाणी येतं. आमच्या कन्येची आंघोळ नेहमी वीस मिनिटांची, म्हणजे एका आंघोळीत आमची अख्खी टाकी. पहिल्या दिवशी सकाळी तिने पट्टीवरचं बटण दाबलं, दिवे पाहिले आणि काही न बोलता अंग ओलं करून नळ बंद केला, साबण लावला, पुन्हा एक मिनिट नळ सोडला. वर्षानुवर्षं आम्ही ओरडून जे झालं नाही ते चार दिव्यांनी केलं.

सर्वांत मजेत होती ती आई. तिला पट्टी बघावीच लागत नव्हती. तांब्याभर पाण्यात तोंड धुवायचं, भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हातासाठी ठेवायचं, हे तिच्या हातात आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा आई तिथेच होती. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी आलं. मी ट्रेलरच्या टेबलावर बसून भागाकार केला. लातूर शहर ज्या गाडीची वाट बघत स्टेशनाकडे डोळे लावून बसलं होतं, ते पाणी साडेचारशे अमेरिकन कुटुंबांना एक दिवसही पुरलं नसतं.

आता यात सद्गुण कुणाचा? आमच्या मुलीने पाणी वाचवलं ते टाकी लहान होती म्हणून. आईने आयुष्यभर वाचवलं ते नळाला पाणी नव्हतं म्हणून. सक्तीने केलेल्या काटकसरीला सद्गुण म्हणायचं का, यावर आमच्या हिचा आणि माझा कॅनियनच्या काठावरच वाद झाला. मी म्हणालो, नाही म्हणता येणार, घरी परतल्यावर पोरगी पुन्हा वीस मिनिटं आंघोळ करील. ही म्हणाली, तसं असेल तर घरी आपण जे उधळतो तोही दुर्गुण म्हणता येणार नाही, तिथे फक्त दिवे नाहीत. मला तिचं पटलं. आपण वाईट माणसं नसतो. आपलं पाणी कुठून येतं ते भिंतीआड असतं, आणि ते भिंतीआड ठेवण्यालाच आपण सोय म्हणतो.

आणि भिंतीआड काय काय असतं! काठावरून खाली बघितलं तर जवळजवळ मैलभर खोल कोलोरॅडो नदी दोऱ्यासारखी दिसते. हीच नदी पुढे अडवून, तिचं पाणी पंपांनी उचलून वाळवंटातून आमच्या फिनिक्सला आणि त्याच्याही पुढे नेतात. त्या कालव्याची एकूण लांबी ३३६ मैल आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या नदीवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्याला कात्री लागली. आमच्या नळाला त्या दिवशीही तेवढंच पाणी होतं, त्यामुळे आम्हाला काही कळलं नाही. शेतकऱ्यांना कळलं.

गंमत म्हणजे त्या काठावरच्या गावाला खालच्या नदीचं पाणी मिळत नाही. ते येतं उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्यातून, साडेबारा मैलांच्या एका जुन्या नळातून, अख्खी दरी ओलांडून. १९६० च्या दशकात बांधायला घेतलेला हा नळ २०१० पासून ८५ हून जास्त वेळा मोठा फुटला आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर तो एकाच सुमाराला चार ठिकाणी फुटला, आणि सुट्टीच्या ऐन गर्दीत दक्षिण काठावरच्या हॉटेलांतला मुक्काम काही दिवस बंद ठेवावा लागला. मेदरमध्ये मात्र आपलं पाणी आपण आणणाऱ्यांना राहू दिलं. ज्यांच्याकडे टाकी होती ते राहिले, नळावर विसंबलेले परतले.

इथपर्यंत सगळं छान होतं. दिसलं की माणूस सुधारतो, असा एक लेख इथेच संपवता आला असता. पण तिसरी टाकी राहिली होती.

परतीच्या सकाळी डंप स्टेशनला ट्रेलर लावला. हातमोजे घातले, जाड नळी जोडली, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. दहा मिनिटांचं काम. आई ट्रकच्या पुढच्या सीटवर बसली होती. ती उतरून आली, जरा लांब उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, हे असलं काम तू करायचं?"

मी म्हटलं, "आपलंच आहे की गं. दुसरं कोण करणार?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या जुन्या वाड्याच्या मागच्या बोळातून एक बाई यायची. पाटीचे संडास होते तेव्हा. डोक्यावर घेऊन जायची सगळं. पावसात सुद्धा."

"नाव काय होतं तिचं?"

"नाव..." आई थांबली. "आम्ही तिला कधी हाकच मारली नाही."

माझा सगळा सिद्धान्त तिथे कोसळला. कारण ती बाई भिंतीआड नव्हती. रोज सकाळी यायची, वाड्यातल्या प्रत्येकाला दिसायची. ती येण्याच्या वेळेला मागचं दार लावून घ्यायचं, आणि शिळी भाकरी वरून टाकायची, हात लागू नये म्हणून. सगळं दिसत होतं, आणि वाड्यातल्या चांगल्या, देवभोळ्या, पोरांवर माया करणाऱ्या माणसांची त्याने एक दिवससुद्धा झोप उडाली नाही. म्हणजे लपवायला पाइपच लागतात असं नाही. जातीने ते काम पाइपांच्या आधी हजारो वर्षं चोख केलं आहे.

माझी आणि तिची बरोबरी करण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. मला हातमोजे होते, नळी होती, हात धुवायला नळ होता, आणि काम झाल्यावर कॉफी होती. मुख्य म्हणजे तो माझा छंद होता. मैला डोक्यावरून वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा भारतात १९९३ साली आला, आणि तो पुरेसा नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. तरीही गटारात उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

पण एक माणूस आठवतो. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम द्या. तुरुंगाच्या नियमात ते बसेना, कारण सवर्ण कैद्याला ते काम देत नसत. अप्पासाहेबांनी त्यासाठी उपास मांडला, आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास केला. शिक्षा भोगणारा माणूस आणखी घाण काम मागतो आणि सरकार त्याला ते देत नाही, यातला विनोद कुणालाही कळेल. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी आयुष्य घातलं ते अशा संडासांसाठी, की ज्यांत माणसाचा मैला माणसाला वाहावा लागणार नाही. नुसतं बघून दया येणं त्यांना पुरेसं वाटलं नसावं. ते काम स्वतःच्या हातात घेतल्याशिवाय त्यातलं काय बदलायला हवं हेही कळत नसावं. असा माझा अंदाज आहे.

एक स्नेही हे सगळं ऐकून हसले. ते म्हणाले, "अहो, एवढ्या पैशाचा ट्रेलर घ्यायचा, तो ओढायला राक्षसासारखा ट्रक घ्यायचा, आणि वर तांब्याभर पाण्याचं कौतुक सांगायचं! नाटक आहे सगळं." मी रागावलो नाही, कारण त्यांचं म्हणणं मोजून बघण्यासारखं होतं. जाऊन येऊन ४६० मैल. ट्रेलर ओढताना आमचा ट्रक गॅलनला दहा मैल देतो. म्हणजे ४६ गॅलन डिझेल. एक गॅलन डिझेल जळलं की दहा किलोच्या वर कार्बन डायॉक्साइड निघतो. म्हणजे तीन रात्रींच्या आनंदापोटी आम्ही साडेचारशे किलोहून जास्त वायू हवेत सोडला. सहा-सात माणसांच्या वजनाएवढा.

त्याची टाकी ट्रेलरला नाही. चौथी टाकी असती, तिला चार दिवे असते, आणि ती दर शंभर मैलांवर कुठेतरी हाताने रिकामी करावी लागली असती, तर आम्ही ग्रँड कॅनियनपर्यंत गेलो असतो का, मला सांगता येणार नाही. आकडा मला ठाऊक आहे, तुम्हालाही आता ठाऊक झाला. पण ठाऊक असणं हे वाड्याच्या माडीवरून बोळात बघण्यासारखंच आहे. तो वायू कुणाच्या डोक्यावर जातो, तेही तसं अंधुक माहीत आहे. पाऊस लांबला की ज्यांचं पेरलेलं जळतं, त्यांची नावं मी विचारलेली नाहीत.

म्हणून ट्रेलर विकायचा का? तसं काही मी ठरवलेलं नाही. आई त्या काठावर खुर्ची टाकून सूर्यास्त बघत बसली होती, तासभर, एक शब्द न बोलता. ते मला परत द्यायचं नाही. पण "मिळवलेल्या पैशाने घेतलं, कुणाचं काय गेलं," हे वाक्य आता मला पहिल्यासारखं सहज म्हणता येत नाही. पैसे देऊन सुटता येतं अशी माझी समजूत बऱ्याच गोष्टींबाबत होती. डंप स्टेशनवर पैसे देऊन सुटता येत नाही, मोजे घालावेच लागतात.

तिथून निघताना मुलीने विचारलं की हे सगळं इथून जातं कुठे. माहितीफलकांवरून आणि रेंजरबाईंकडून कळलं की त्या गावात सांडपाणी शुद्ध करून संडासांत पुन्हा वापरण्याची सोय १९२६ पासून आहे, देशात असं करणाऱ्या पहिल्या ठिकाणांपैकी ते एक. पाण्याचं एवढं दुर्भिक्ष, की शंभर वर्षांपूर्वीच त्यांना ते सुचलं. आईने हे दोनदा विचारून घेतलं. लातूरला फोन करून मामाला सांगितलंही.

आता पुढची सहल कुठे यावर घरात दोन तट आहेत. मुलीला यलोस्टोन हवं आहे, आठ-नऊशे मैल लांब. आमची ही म्हणते, इथे चाळीस मैलांवर लॉस्ट डचमन पार्क आहे, तिथले डोंगर काय कमी आहेत? मत देण्याची पाळी आईवर आली तेव्हा तिने जागांचे फोटो नीट बघितले आणि विचारलं, "तिथे टाकी कुठे रिकामी करतात?"