कोणता धागा उचलला जातो

सावकाश वाचा. घाई असेल तर हा कागद सध्या बाजूला ठेवा. गाईच्या आजाराचं मनन तिच्या रवंथाच्या गतीनंच करावं.

इचलकरंजीतल्या मागांचा खडखडाट मागे पडला, की पंचगंगेच्या काठानं ऊस लागतो आणि उसाच्या कडेला गोठे. अशाच एका गोठ्यातली संकरित गाय डोळ्यांसमोर आणा. तिच्या कासेजवळ मनानंच बोट फिरवा. एक घट्ट गाठ लागेल. ती गोचीड. आता लक्ष त्या गोचिडीच्या आत न्या.

तिच्या लाळग्रंथीत थायलेरिया अ‍ॅन्युलाटा नावाचा एकपेशीय परजीवी असू शकतो. विज्ञानाला तो १९०४ पासून ठाऊक आहे, गोठ्याला मात्र त्याचा आजार ‘गोचीड ताप’ म्हणून. उपाशी गोचीड भिंतीच्या भेगेत बसलेली असते, तेव्हा तोही जवळजवळ निजलेलाच असतो. ती गाईला चिकटून रक्त प्यायला लागली, की तो जागा होतो आणि साधारण दोन-तीन दिवसांत गाईला लागण करू शकेल अशा रूपाला येतो.

इथं थांबा. भेगेत असतानाही त्याच्याकडे सगळी जनुकं होतीच. नवं एकही आलेलं नाही. मग बदललं काय?

इचलकरंजीकराला हे सांगायला फार शब्द खर्चावे लागत नाहीत. बीमवर उभे धागे सगळेच असतात; डॉबी त्यातले कोणते कधी उचलते, त्यावर नक्षी ठरते. या परजीवीचा बीम २००५ मध्ये मोजून झाला: चार गुणसूत्रं, सुमारे ३,८०० जनुकं. पण धागे मोजून नक्षी कळत नाही. म्हणून संशोधक आरएनए मोजतात. जनुक चालू झालं की त्याच्या आरएनए-प्रती निघतात. प्रती जितक्या जास्त, तितकं ते जोरात चाललेलं. या प्रती फार नाशवंत. नमुना हातात आला की लगेच गोठवावा लागतो, आणि तरी हाती येतो तो एका घटकेचाच हिशेब. प्रयोगशाळेत ३७ अंशांवर वाढणारा हाच परजीवी ४१ अंशांवर ठेवला, तर तो वेगळी जनुकं चालवून पुढच्या अवस्थेकडे, तांबड्या पेशींत शिरणाऱ्या रूपाकडे वळू लागतो. नुसती ऊब बदलली आणि जीव बदलला. यावर थोडं रेंगाळा.

आता गाईच्या शरीरात चला. परजीवी तिच्या पांढऱ्या पेशीत शिरतो, पण तिला मारत नाही. तिला वाढायला लावतो. ती पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी दुभागत राहते. दुभागताना गुणसूत्रांची वाटणी करणाऱ्या तंतूंनाच हा चिकटून बसतो, म्हणून दोन्ही लेकपेशींच्या वाट्याला आपसूक जातो. गाईच्या मूळ डीएनएत यासाठी काही बदलावं लागत नाही. बुपार्व्हाक्वोन या औषधानं परजीवी मेला, की पेशीची ती बेफाम वाढही थांबते. या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सर्वांत खोल वाटते. पेशीची पोथी शाबूत होती, वाचणारा परका होता.

लसही याच मर्मावर उभी आहे. लागण झालेल्या पेशी प्रयोगशाळेत पुष्कळ पिढ्या वाढवल्या, की ऊतींतून वाट कापणारी त्यांची विकरं मंदावतात आणि त्या सौम्य होतात. भारतात अशी लस ‘रक्षाव्हॅक-टी’ नावानं निघाली. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते; खेड्यात घोडं अडतं ते तिथंच.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. एडिंबराच्या संशोधकांनी देशी साहिवाल आणि विदेशी होल्स्टिन वासरांना सारखीच लागण केली. साहिवाल सावरली, होल्स्टिन गंभीर आजारी पडली. दोन्हींच्या पेशी एकाच परजीवीला वेगवेगळ्या जनुकांनी उत्तर देत होत्या. विदेशी रक्ताची संकरित गाय घरात आणताना आपण दूध वाढवतो आणि हा धोकाही आणतो, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूधवाल्यांनी मोकळेपणानं मान्य करावं.

तेव्हा वाचून झाल्यावर एवढं करा. गोठ्याच्या भिंतींतल्या भेगा बुजवून घ्या. या गोचिडी तिथंच कात टाकतात आणि अंडी घालतात. अंगावर दिसलेली गोचीड उद्यावर ढकलू नका, कारण ते दोन-तीन दिवसच महत्त्वाचे. आणि गाईचा ताप १०४ फॅरेनहाइटच्या वर गेला, खांद्यापुढची गाठ सुजली, तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलावून रक्त काचपट्टीवर तपासून घ्या. औषध आहे, पण ते लवकर दिलं तरच नीट लागू पडतं.