नसलेले पंख

पीएसएलव्हीला पंख नाहीत. 44.4 मीटर उंच आणि साधारण 320 टन वजनाचं हे आपलं रॉकेट श्रीहरिकोट्याहून वर जातं, तेव्हा त्याला सरळ ठेवणारी यंत्रणा त्याच्या पोटातच असते. पहिल्या टप्प्याच्या नोझलमध्ये स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं द्रावण हव्या त्या बाजूने सोडलं जातं, ज्वाळेचा झोत तेवढ्यापुरता कलतो आणि रॉकेट सावरतं. दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन तर स्वतःच थोडं तिरकं होतं. कुठे कलायचं आणि किती, हे आतला संगणक ठरवतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आमच्या डोंगरकडा गावात शाळेच्या मैदानावर मुलं पीएसएलव्हीची जी प्रतिकृती उडवतात, तिला मात्र चार पंख आहेत. दोन लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीचा व्यास पावणेअकरा सेंटिमीटरच्या आसपास असतो. पीएसएलव्हीच्या मुख्य भागाचा व्यास 2.8 मीटर. म्हणून आम्ही 1:26 हे प्रमाण धरलं. त्या हिशेबाने उंची 1 मीटर 71 सेंटिमीटर येते, चांगल्या उंच माणसाएवढी. आत एकाला एक जोडलेल्या बाटल्या, बाहेरून पातळ पुठ्ठा, कडेने सहा छोट्या नळ्या, वर निमुळतं टोक आणि अंगावर रंगवलेला तिरंगा. खालच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरायचं, सायकलच्या पंपाने हवा दाबायची आणि खिट्टी ओढायची. दारूकामाला आम्ही हात लावत नाही. ते स्फोटकांच्या कायद्यात येतं, आणि मुलांच्या हाती ते देणं मला मान्यही नाही. पाणी आणि हवा एवढ्यावर आमचं रॉकेट केळीच्या बागांपेक्षा बरंच वर जातं.

पंख आम्ही पारदर्शक प्लास्टिकचे कापले आहेत, लांबून दिसू नयेत म्हणून. पण आठवीतल्या एका मुलीला ते जवळून दिसले. तिने विचारलं, "सर, खऱ्याला पंख नाहीत आणि आपण लावले. मग आपलं खोटं झालं ना?"

तिला मी विज्ञानाचं उत्तर दिलं. मला स्वतःला मात्र तेवढं पुरलं नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घरात दोन पिढ्या भांडला गेला आहे. ज्याला रूपच नाही त्याला आपण रूप दिलं, मग ते खोटं झालं ना?

आजोबा आर्यसमाजी होते. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातली कितीतरी घरं आर्य समाजाकडे ओढली गेली, त्यातलं आमचं एक. 1938-39 च्या सत्याग्रहाच्या गोष्टी ते आम्हाला सांगत, आणि त्याहून जास्त वेळा दयानंदांच्या लहानपणची गोष्ट सांगत. शिवरात्रीच्या जागरणात मूलशंकर नावाचा तो मुलगा जागा राहिला आणि त्याने पिंडीवर फिरणारा उंदीर पाहिला. जो स्वतःच्या अंगावरचा उंदीर हाकलू शकत नाही तो जगाचा स्वामी कसा? आजोबा पहाटे हवन करीत, पण औंढ्याच्या नागनाथाच्या गाभाऱ्यात त्यांनी कधी पाय ठेवला नाही. आई माळकरी. तिच्या देव्हाऱ्यात चार बोटं उंचीचा पितळेचा विठोबा होता. त्याला ती थंडीत ऊन पाण्याने आंघोळ घालायची. आजोबा म्हणायचे, "अगं, पितळेला कसली आली थंडी?" ती म्हणायची, "मामा, तुम्हाला आतून दिसतं. मला समोर लागतं." वाद तिथेच थांबायचा. दोघांनीही आपली वाट सोडली नाही आणि दोघांमधला जिव्हाळाही कधी आटला नाही.

आता विज्ञानाचं उत्तर. प्रतिकृती लहान करता येते, पण तिच्याभोवतीचं जग लहान करता येत नाही. लांबी 26 पटीने कमी केली की पृष्ठभाग 676 पटीने कमी होतो आणि आकारमान 17,576 पटीने. वजनही त्याच प्रमाणात उतरवायचं तर आमचं रॉकेट 18 किलोचं व्हावं लागेल, आणि ते बाटलीतल्या हवेला उचलवणार नाही. हवा तीच राहते, तिचे रेणू 26 पटीने लहान होत नाहीत. पृथ्वीची ओढही तीच राहते. म्हणजे सर्व बाबतींत मूळ वस्तूसारखी असणारी लहान वस्तू या जगात होऊच शकत नाही. करणाऱ्याला निवड करावी लागते, काय ठेवायचं आणि काय सोडायचं.

आणि काही गोष्टी नव्याने घालाव्याही लागतात. आमच्या बाटलीत संगणक नाही, कलणारं इंजिन नाही. आतून सावरण्याची शक्ती नसलेल्या रॉकेटला सरळ जायचं असेल तर एकच उपाय आहे: त्याच्या वजनाचा मध्य पुढे हवा आणि हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू मागे हवा, दोघांत निदान एका व्यासाचं अंतर राखून. मग रॉकेट जरा कललं की वारा त्याची शेपटी धरून त्याला परत सरळ करतो. त्यासाठी शेवटाला पंख लागतात. मुलांना मी आधी मुद्दाम पंखांशिवाय उडवून दाखवतो. अगदी हुबेहूब दिसणारं ते रॉकेट चार-पाच मीटरवर गटांगळ्या खातं आणि आडवं पडतं. मग पंख लावतो. दिसायला ते मुळापासून थोडं दूर जातं, पण वागायला मुळासारखं होतं. पंख नसलेल्या रॉकेटांच्या मोठ्या प्रतिकृती उडवणारे परदेशातले छंदिष्टही हेच करतात. पारदर्शक पंख हा त्यांच्याकडे रूढ उपाय आहे.

या छंदातलं सर्वांत मोठं काम अमेरिकेतल्या स्टीव्ह ईव्ह्‌ज यांचं. ओहायोतला हा माणूस मोटारगाड्यांचे पत्रे दुरुस्त करणारा. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-5 ची त्यांनी 1:10 प्रमाणात प्रतिकृती बांधली. 36 फूट उंच, 1,648 पौंड म्हणजे जवळपास साडेसातशे किलो वजनाची. 25 एप्रिल 2009 रोजी मेरीलँडमधल्या एका शेतातून ती नऊ घन इंधनाच्या मोटारींवर उडाली, 4,440 फुटांवर गेली आणि हवाई छत्र्यांनी सुखरूप खाली आली. मूळ सॅटर्न चंद्राच्या वाटेला लागत असे, ही दीड किलोमीटरही गेली नाही. तिच्यात ना द्रवरूप ऑक्सिजन होता, ना माणसं. तरी तिला खोटी कोण म्हणेल? आपल्या आगीवर उठणं आणि सरळ वर जाणं, हे सॅटर्नचं मूळ काम तिने आपल्या आवाक्यात पुरं केलं. नुसती दिसायला तशी असती तर ती शोभेची वस्तू ठरली असती.

इथे मला आई आणि आजोबा दोघांचंही म्हणणं एकत्र बसताना दिसतं. निर्गुणाला चार हात नाहीत, विटेवर उभं राहणं नाही, कमरेवर कर नाहीत. आजोबांचं हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण मूर्ती त्या निर्गुणाचा फोटो आहे असा दावा आपल्या परंपरेने तरी कुठे केला? मूर्तिशास्त्रात तालमान सांगितलं आहे, चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, त्याची बारा अंगुळं, आणि कोणत्या देवतेला किती ताल हेही ठरलेलं. हे प्रमाण मूर्तीच्या अवयवांचं आपसातलं आहे. समोर बसलेल्याचं मन गोळा व्हावं, वर उठावं, यासाठी ते बांधलेलं आहे. गणपतीत आणि पार्थिव पूजेत तर आवाहन करून बोलावतात आणि विसर्जन करून निरोप देतात. बोलावलेलं रूप कामापुरतं आहे, हे त्या विधीतच कबूल केलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की मूर्ती हे भक्ताच्या मनाला लावलेले पंख आहेत. मूळ तत्त्वात ते नाहीत. ज्याच्या आत कलणारं इंजिन जागं झालं आहे त्याला त्यांची गरजही नाही. पण आपल्यासारख्यांच्या आत ते इंजिन चालू नसतं. मन सुटलं की गटांगळ्या खातं. त्याला सरळ ठेवायला बाहेरून काहीतरी लागतं: समोरचं रूप, हातातली माळ, ओठावरचं नाव, एकादशी, वारी. आजोबांचा अग्नीही त्यांतलाच. मूर्ती त्यांनी नाकारली, पण पहाटेची समिधा आणि तुपाची आहुती एक दिवस चुकवली नाही. त्यांचे पंख अधिक पारदर्शक होते, एवढंच.

आजोबांचा आक्षेप मात्र इथे संपत नाही, आणि तो टाळूही नये. ते म्हणाले असते, "पंखांवर विसंबणाऱ्याला आतलं इंजिन कधी मिळणार?" या प्रश्नाचं उत्तर मला आमच्याच जिल्ह्यात मिळालं. नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. विठ्ठलाशी समोरासमोर बोलणाऱ्या या भक्ताला गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात कच्चं मडकं ठरवलं, आणि मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, ही कथा घरोघर माहीत आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले, तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिथे हलवले तिथे पिंड उभी राहिली. त्या दिवशी नामदेवांचं आतलं इंजिन सुरू झालं.

पुढे त्यांनी काय केलं, ते या कथेइतकंच महत्त्वाचं आहे. ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. आमच्या गावावरून जाणारा रस्ता एका बाजूला हिंगोलीमार्गे नर्सीकडे जातो आणि दुसऱ्या बाजूला नांदेडला, जिथे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं. तिथे मूर्ती नाही, आणि तिथल्या ग्रंथात नामदेवांचा शब्द आहे. याच नामदेवांची पायरी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारात आहे, मूर्तीच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण तिच्यापाशी वाकतो. ज्याला सगळीकडे पिंड दिसली त्याने पंढरीची वीट टाकून दिली नाही. पंखांनी उडायला शिकलेल्या माणसाला पुढे इंजिन मिळू शकतं आणि मिळाल्यावरही तो पंखांविषयी कृतज्ञ राहू शकतो, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

जुनी वास्तू सोडूनही श्रद्धा टिकते, हे केरळातल्या थुंब्याला दिसलं. भारताच्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवात तिथे मच्छीमारांच्या वस्तीत झाली. जागेच्या शोधात आपले कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस होते. सेंट मेरी मॅग्डालीन चर्चची वास्तू तिथल्या लोकांनी आणि बिशपांनी या कामासाठी दिली, त्याच वास्तूत सुरुवातीची कचेरी थाटली गेली आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. वास्तू देताना त्या भाविकांनी देव दिला नाही, त्यांची प्रार्थना दुसऱ्या चर्चमध्ये चालू राहिली. आज त्या जुन्या चर्चमध्ये अवकाश संग्रहालय आहे आणि आत रॉकेटांच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत.

धोका आहे तो दुसरीकडे. पंख हेच रॉकेट आहे असं माणूस मानू लागला की तो श्रीहरिकोट्याला जाऊनही विचारील, याला पंख कुठे आहेत, हे खरं रॉकेट नव्हेच. मग शेजाऱ्याचे तीन पंख आणि आपले चार यावरून डोकी फुटतात. आपल्या देशात देवाच्या नावाने झालेली बहुतेक भांडणं या जातीची आहेत. दुसऱ्या टोकाला, पंख मुळात नाहीत एवढंच कळलेला माणूस आपल्या पोरांच्या रॉकेटचे पंख काढून टाकतो आणि ते का पडतं याचा विचार करत नाही. आजोबांचं मोठेपण हे, की पंख नाहीत हे ठाऊक असूनही त्यांनी आईच्या देव्हाऱ्याला कधी हात लावला नाही.

त्या मुलीला मी आता असं सांगतो: बाळ, मुळात नसलेलं काही जोडलं म्हणून वस्तू खोटी होत नाही. तिने तुला मुळासारखं वर नेलं नाही, तर ती खोटी. देव्हाऱ्यातल्या देवालाही हीच कसोटी लाव. त्याच्यासमोर बसून तू अधिक सरळ झालीस, अधिक निर्भय झालीस, शेजारच्याचं दुःख तुला अधिक कळू लागलं, तर ती मूर्ती खरी आहे. आणि वाचकांना माझी विनंती एवढीच: आपले पंख कोणते ते ओळखा, ते नीट जपा, आणि दुसऱ्याच्या पंखांची मोडतोड करू नका.