जे अन्न आपल्यापर्यंत येत नाही

मित्राला घेऊन गाडी काढायची आणि नुसतं खाण्यासाठी कुठेतरी जायचं, असं म्हटलं की घरातलं वडीलधारं माणूस हमखास विचारतं, "इथं काय कमी आहे?" प्रश्न रास्त आहे. शहरात आज काय मिळत नाही? सावजी रस्सा मिळतो, मालवणी मिळतं, खानदेशी भरीत घरपोच येतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून जालना आणखी जवळ आलं. माणूस जितक्या लवकर तिकडे पोचतो, तितक्याच लवकर तिकडचा मालही इकडे येतो. मग पेट्रोल जाळून जालन्याजवळच्या राजूरला जेवायला कशाला जायचं?

मला याचं उत्तर ज्वारीत सापडलं आणि ते मी सावकाश मांडणार आहे.

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की साधारण पंचवीस किलोमीटरवर राजूर येतं. गाव ओळखलं जातं ते टेकडीवरच्या राजुरेश्वर गणपतीमुळे. गणेशाच्या साडेतीन पीठांत मोरगाव आणि पद्मालय यांच्याबरोबर राजूरला पूर्ण पीठाचा मान आहे. गणेशपुराणातली गणेशगीता गजाननाने वरेण्य राजाला इथेच सांगितली, अशी श्रद्धा आहे. अंगारकीला जालन्याहून रात्रभर माणसं पायी येतात. त्यांच्यासाठी रस्त्यावर ठिकठिकाणी चहा, केळी आणि साबुदाण्याची खिचडी वाटली जाते. तो दिवस उपवासाचा, त्यामुळे ज्वारी वर्ज्य. भाकरीचं नाव काढायचं तर चंद्रोदय होऊ द्यावा लागतो. आम्ही मुद्दाम चतुर्थी सोडून गेलो. मित्राचं घरचं शेत त्याच पट्ट्यात आहे आणि बोलावणंही त्याच्याच घरचं होतं.

या भागातून बाहेर काय जातं ते आधी पाहू. जालन्याची मोसंबी जाते. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे, आणि हंगामात इथली फळं ट्रक भरभरून दिल्लीपर्यंत पोचतात. जाड सालीचं फळ आहे, चार-पाच दिवसांचा प्रवास सोसतं. हिरवी मिरचीही जाते. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात पावसाळ्यात मिरचीचे ढीग लागतात आणि व्यापारी ती परराज्यांत आणि थेट बांगलादेशापर्यंत पाठवतात. पैसा याच मालातून येतो. जे टिकतं ते जातं आणि जे जातं त्याला भाव मिळतो. यात गैर काहीच नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. भाव मिळवून देणारं झाड जगवण्यासाठी शेतकऱ्याने टँकरने विकतचं पाणी घातलं. त्या झाडाची त्याला असलेली गरज शहरात बसून मोजता येणार नाही.

दुसरं अन्न प्रवासासाठीच जन्मलेलं. छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाबद्दल सांगतात की महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्करासाठी हे खाणं तयार झालं. हजारो माणसांना एकदम पुरेल आणि लवकर खराब होणार नाही, असा तो तंदूरमधला नान. आपल्या घरातली दशमी त्याच जातीची. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, म्हणजे मऊ राहते आणि सोवळंओवळं पाळणाऱ्यांनाही वाटेत चालते. धपाटे, लाडू, शेंगदाण्याची चटणी हे सगळे शिदोरीचे मानकरी. मराठवाड्यातल्या बायकांनी पोरांच्या वसतिगृहांसाठी आणि नवऱ्यांच्या परगावच्या नोकऱ्यांसाठी हे अन्न वर्षानुवर्षं बांधून दिलं आहे. त्यामागच्या कष्टांबद्दल मला फार आदर आहे.

ज्वारी मात्र दोन्हींत बसत नाही, कारण ती तिच्या प्रत्येक अवस्थेत वेगळी वागते.

दाणा म्हणून ती पक्की टिकते. पूर्वी गावागावांत जमिनीत पेवं खणलेली असत. आतून सारवून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड बंद करायचं. दुष्काळी साली पेव उघडायचं. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो दाणा पोत्यात घालून कुठेही न्या, काही होत नाही.

त्याचं पीठ केलं की टिकण्याचा काळ वर्षांवरून आठवड्यांवर येतो. ज्वारीत गव्हासारखं चिकट प्रथिन नसतं. पिठाला जी काही पकड असते ती ताज्या दळणात असते, आणि तीही आधणाचं पाणी घालून, चांगलं मळून काढावी लागते. पीठ जुनं झालं की विरी जाते. भाकरी थापताना कडा फुटतात, तव्यावर टाकताना मोडते. म्हणून इकडे अजूनही आठवड्याचं, फार तर दोन आठवड्यांचं दळण आणतात. शहरातल्या दुकानात महिनोन्महिने पडून असलेल्या पुड्याची भाकरी जमत नाही, याचा दोष सुनेच्या हाताला देऊ नये.

भाकरी झाली की काळ मिनिटांवर येतो. तव्यावरून निखाऱ्यावर उभी केली, फुगली, पापुद्रा सुटला की तिचे दिवस भरलेच. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन मऊ झालेला असतो. थंड होताना तो पुन्हा घट्ट बांधला जातो आणि भाकरी कडक होते. पॅरिसमधला लांबोडा पाव सकाळी कुरकुरीत असतो आणि रात्री चिवट होतो, त्यामागेही काही अंशी हेच कारण आहे. म्हणून तिथे गल्लोगल्ली भट्टी आणि इथे घरोघर चूल. कडक झालेली भाकरी वाया जात नाही. ताकात किंवा दुधात कुस्करली की ती वेगळा पदार्थ होते आणि सकाळी शेतावर जाणाऱ्याला तो पुरतो. पण ती गरम भाकरी नव्हे. डब्यात, फॉइलमध्ये, थर्मासच्या पेटीत काहीही करून ती दहा किलोमीटर नेता येत नाही. आतली वाफच तिला ओली करते आणि पापुद्रा चामड्यासारखा होतो.

मित्राच्या आईने आम्हांला चुलीपुढेच बसवलं. पिंपळगावच्या बाजाराला जाते त्याच जातीची मिरची तव्यात भाजलेली, त्यावर लसूण, मीठ, मूठभर शेंगदाणे. तव्यातच तांब्याच्या बुडाने ठेचलेलं. सोबत पिठलं आणि कच्चा कांदा. मी काहीतरी विचारायला गेलो, तर माउली म्हणाली, "गरम हाये तवर खा, मंग बोला." या एका वाक्यात सगळी पाककला होती. खाणाऱ्याने तव्याची वेळ सांभाळायची.

आता शेवटची, खरं तर सगळ्यात पहिली अवस्था, हुरडा. रब्बीची ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडली, दाण्यात दूध भरलं आणि ते दूध घट्ट होऊ लागलं की हुरड्याचे दिवस येतात. मार्गशीर्ष-पौष हा त्याचा काळ. दाणा दाबला तर मऊ लागतो आणि गोडी असते, कारण साखरेचा स्टार्च व्हायचा अजून बाकी आहे. एका शेतात ही अवस्था आठवडा, दहा दिवस टिकते. पुढे दाणा टणक होतो. कणीस कापलं की गोडी आणखी लवकर उतरू लागते, म्हणून आगटी शेतातच करतात. गोवऱ्यांचा निखारा, त्यात कणसं खुपसायची, हाताला चटका बसेल अशी गरम असतानाच चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. गूळभेंडी, सुरती, कुचकुची या हुरड्याच्या जुन्या जाती. आता राहुरीच्या विद्यापीठाने फुले मधुर आणि परभणीच्या विद्यापीठाने परभणी वसंत दिली आहे. सोबत लसणाची नाहीतर तिळाची चटणी, दही, गूळ, रेवड्या आणि बांधावरची बोरं.

म्हणजे दाणा वर्षांचा, पीठ आठवड्यांचं, हुरडा फार तर काही तासांचा आणि भाकरी मिनिटांची. एकाच ताटाची ही चार आयुष्यं. पहिली दोन आपल्याकडे येतात. उरलेल्या दोघांकडे आपल्याला जावं लागतं. राजूरच्या रस्त्याला लागण्याचं कारण मला इथे मिळालं.

यावर आक्षेप आहे आणि तो मला ठाऊक आहे. हुरडा आता गोठवून पाकिटात मिळतो, पुण्या-मुंबईच्या दुकानांत ठेवलेला असतो. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर तो विकला जावाच. खाऊन पाहिला, वाईट नाही. पण त्यात दाण्याची मऊ गोडी काही अंशी राहते आणि धुराचा वास, तळहाताचा चटका, लगेच पुढच्या कणसासाठी पसरलेला हात, यातलं काही राहत नाही. हे अलंकारिक बोलणं समजू नये. चवीतला मोठा हिस्सा वास असतो आणि वास उष्णतेबरोबर उडून जातो. निखाऱ्यातल्या कणसाच्या आणि पाकिटातल्या दाण्याच्या चवीत फरक पडतो, तो प्रत्यक्षच पडतो.

आता मित्राकडे येतो. इतका वेळ तो बाजूला राहिला होता, पण सगळी गोष्ट त्याच्यावर टेकलेली आहे.

जे अन्न नेता येत नाही त्याला बाजार फारसा नसतो. मोसंबीला आडत आहे, मिरचीला व्यापारी आहे, ज्वारीच्या पोत्याला मोंढा आहे. हुरड्याला पिढ्यानपिढ्या यांतलं काहीच नव्हतं. आता पैसे भरून जाण्याची हुरडा केंद्रं शहरांच्या आसपास निघाली आहेत आणि शेत नसलेल्या माणसाला तो एक मार्ग आहे. पण गावातली मूळ रीत बोलावण्याची. "हुरड्याला या" असं म्हणायचं आणि ज्याला म्हटलं त्याने जायचं. तलाठी, मास्तर, बहिणीचे दीर, शेजारच्या गावचा दोस्त. त्याचे पैसे कोणी विचारत नसे आणि विचारले असते तर यजमानाला वाईट वाटलं असतं. खाल्लेलं प्रत्येक कणीस म्हणजे पुढे होणारी ज्वारी कमी, हे बोलावणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तरी तो बोलावतो. म्हणून या अन्नापर्यंत पोचायचं तर तिथलं कोणीतरी आपलं असावं लागतं. माझा मित्र नसता तर राजूरच्या टेकडीवर मी दर्शन घेतलं असतं, हॉटेलात भजी खाल्ली असती आणि परतलो असतो. रस्त्यापासून दोन शेतं आत काय चाललं आहे ते मला कळलं नसतं.

आगटीपाशी मी त्याला नव्याने पाहिलं. शहरात माझ्याबरोबर तो हॉटेलचा मेन्यू वाचतो. इथे तो कोणतं कणीस आज घ्यायचं आणि कोणतं दोन दिवसांनी, हे नुसतं बोटाने दाबून सांगत होता. चोळलेला पहिला तळहात त्याने माझ्यापुढे केला, दुसरा वडिलांपुढे. स्वतः शेवटी खाल्लं.

त्याच्या वडिलांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. आजूबाजूला आता सगळीकडे कपाशी, सोयाबीन, मका. ज्वारी लावणारा एखादाच. पूर्वी सगळं शिवार ज्वारीचं असे तेव्हा पाखरं वाटली जात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं नुकसान येई. आता एकट्याच्या एकरभर ज्वारीवर साऱ्या गावची पाखरं उतरतात. राखणीला माणूस मिळत नाही, गोफण चालवणारे हात म्हातारे झाले. काढणीलाही वाकून काम करायला मजूर हवेत. म्हणून पुढच्या वर्षी तोही सोडतो आणि त्याच्या शेजाऱ्यावर भार वाढतो. ज्वारी कमी होण्याला भाव आणि पाऊस ही कारणं आहेतच, पण हे पाखरांचं कारण सरकारी तक्त्यात दिसत नाही आणि शेतकरी मात्र ते आधी सांगतो. मित्राचे वडील कडब्यासाठी अजून थोडी लावतात. घरी दोन जनावरं आहेत म्हणून.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा ज्वारीच्या बिस्किटांच्या आणि कुरमुऱ्यांच्या खूप जाहिराती झाल्या. प्रवास करणाऱ्या ज्वारीचा तो उत्सव होता. न करणाऱ्या ज्वारीसाठी वेगळं काही करावं लागेल. दर हिवाळ्यात तिच्या शेतापर्यंत जाणारी माणसं वाढली, ती हक्काने बोलावली गेली, जाताना पोतंभर दाणा रोख भावाने घेऊन आली, तर निदान एका घराला पुढच्या वर्षी राखणदार ठेवणं परवडेल.

तेव्हा ज्याच्या घरी अजून ज्वारी पेरतात असा एखादा मित्र तुम्हांला असेल, तर त्याला दिवाळी झाली की फोन करा. कणसात दूध कधी भरेल ते विचारा आणि त्याने सांगितलेला दिवस धरा, तुमच्या सुट्टीचा नको. चतुर्थी असेल तर एक दिवस अलीकडे-पलीकडे करा. निघताना रिकामं पोतं गाडीत टाका.